ऊतींची पुनर्रचना करणाऱ्या विकराचे मापन : एलायझा संच आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
शरीरातील पेशींना आधार देणारी तंतुमय चौकट सतत मोडली जाते व पुन्हा बांधली जाते. मोडण्याचे कार्य प्रामुख्याने मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज (एमएमपी) या जस्तयुक्त विकरांकडे असते. १९६२ मध्ये ग्रॉस व लापिएर यांनी बेडकाच्या पिलाच्या झडणाऱ्या शेपटीत कोलॅजेन विरघळविणारे विकर शोधले. तेथून या कुळाच्या अभ्यासास प्रारंभ झाला. जखम भरून येण्यास ही विकरे आवश्यक असतात. परंतु त्यांचा अतिरेक घातक ठरतो. क्षयरोगात फुप्फुसाला पडणाऱ्या पोकळ्यांशी एमएमपी-१ चा, तर क्षयजन्य मेंदूज्वराशी एमएमपी-९ चा संबंध आढळला आहे. म्हणूनच त्यांच्या मापनाला महत्त्व आहे.

संचाची कार्यपद्धती :
१९७१ मध्ये एंगवॉल व पर्लमन यांनी मांडलेली एलायझा पद्धती या संचांचा पाया होय. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी विकराला पकडणारे प्रतिपिंड चिकटविलेले असते. नमुना घातल्यावर विकर त्यास चिकटते. उरलेला भाग धुऊन टाकला जातो. त्यानंतर दुसरे प्रतिपिंड विकराच्या वेगळ्या भागास जोडले जाते व त्याच्याशी संलग्न पेरॉक्सिडेजमुळे रंग निर्माण होतो. आम्ल टाकून क्रिया थांबविल्यावर ४५० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजतात आणि ज्ञात प्रमाणांच्या आलेखावरून नमुन्यातील विकराचे प्रमाण काढतात.

आकड्याच्या मर्यादा :
पहिली मर्यादा विकराच्या स्वरूपाची आहे. एमएमपी प्रथम निष्क्रिय रूपात तयार होते, नंतर सक्रिय होते आणि टिम्प नावाची प्रथिने त्यास रोखून धरतात. अनेक संच ही रूपे वेगळी न करता एकत्रच मोजतात. त्यामुळे आकडा मोठा असला तरी ऊतींचा ऱ्हास तेवढाच होत आहे, असे म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा नमुन्याची आहे. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी व बिंबिका एमएमपी-९ बाहेर टाकतात. परिणामी सीरममधील प्रमाण प्लाझ्मापेक्षा अधिक दिसते. ईडीटीए हे रसायन कॅल्शियम व जस्त बांधून ठेवते, म्हणून सक्रियता मोजावयाची असल्यास ते निरुपयोगी ठरते. कुहीसारख्या तालुक्याच्या गावी घेतलेला नमुना विदर्भाच्या उन्हाळ्यात नागपूरला पाठवावयाचा असल्यास प्लाझ्मा त्वरित वेगळा करणे व शीतसाखळी राखणे अनिवार्य आहे. येथील चूक पुढे कितीही महागडे उपकरण वापरले तरी दुरुस्त होत नाही.

क्षयरोग चाचण्यांचा धडा :
सेवाग्राम येथील जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात हत्तीरोग व क्षयरोगासाठी एलायझा चाचण्यांवर दीर्घकाळ संशोधन झाले. विदर्भाला ही परंपरा नवी नाही. मात्र रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयनिदान करणारे बाजारातील संच विसंगत निष्कर्ष देत असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांच्या विरोधात शिफारस केली आणि भारताने २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. चुकीच्या निष्कर्षामुळे निरोगी व्यक्तीस महिनोन्महिने औषधे घ्यावी लागतात, तर खरा रुग्ण उपचाराविना राहतो. एमएमपीचे संच प्रतिपिंड नव्हे, तर विकरच मोजतात. तरीही हा धडा त्यांनाही लागू पडतो. जखम, संधिवात, कर्करोग अशा अनेक अवस्थांत ही विकरे वाढतात. त्यामुळे केवळ त्यांच्या वाढीवरून क्षयरोगाचे निदान करता येत नाही.

निष्कर्ष :
‘केवळ संशोधनासाठी’ असा निर्देश असलेला संच रुग्णनिदानासाठी वापरू नये. संच विकराचे कोणते रूप मोजतो, नमुना कोणता व तो कसा जतन केला, याची नोंद अहवालात असावी. या नोंदीविना दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.