लवेवरचा निरोप

आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. सेरोटोनिन हा निरोप पोहोचवणारा रेणू बनवणाऱ्या पेशी त्यांत काही लाखच, आणि त्याही बहुतेक मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवर, राफे नावाच्या पुंजक्यांत दाटीवाटीने बसलेल्या. पण त्यांचे तंतू फांद्या फुटत फुटत मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात जातात. झोप, भूक, भीती, मनाची उभारी, स्मरण या सगळ्यांत त्यांचा हात असतो.

रेणू एकच, पण तो ओळखणारे रिसेप्टर सात कुळांतले, चौदा प्रकारचे! गावात एकच दवंडी फिरावी आणि ती ऐकून कुणी दार लावून घ्यावं, कुणी शेताकडे धाव घ्यावी, तसं हे आहे. एक रिसेप्टर पेशीला शांत करतो, दुसरा तिला चेतवतो. निरोपाचा अर्थ ऐकणारा ठरवतो.

या चौदांपैकी ५-एचटी६ मला सर्वांत विलक्षण वाटतो. १९९३मध्ये तो ओळखला गेला. तो जवळपास फक्त मेंदूतच सापडतो, आणि त्याची बसायची जागाही निराळी. बहुतेक चेतापेशींच्या अंगावर एकुलती एक, काही मायक्रोमीटर लांबीची लव असते. तिला सीलियम म्हणतात. बराच काळ ती उत्क्रांतीत मागे उरलेली निरुपयोगी वस्तू समजली जात होती. ५-एचटी६चं ठाणं नेमकं या लवेवर.

२०२२मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात शू-शिएन शू, डेव्हिड क्लॅपहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, एक गोष्ट पाहिली. सेरोटोनिनचे तंतू थेट या लवेशी जोडलेले होते. तो चक्क एक सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधला निरोपाचा सांधा, होता. नेहमीचा सिनॅप्स पेशीच्या फांद्यांवर असतो आणि तिथल्या विजेच्या हालचाली क्षणात विरतात. इथे मात्र ५-एचटी६मार्फत गेलेला संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि डीएनए ज्यात गुंडाळलेला असतो त्या क्रोमॅटिनची ठेवण बदलतो. कोणती जनुकं उघडी राहणार, हेच त्यामुळे बदलू शकतं. क्षणभराच्या रासायनिक स्पर्शाचा परिणाम इतका खोल आणि इतका टिकाऊ असू शकतो!

अल्झायमरशी सेरोटोनिनचं नातं जवळचं आहे. या आजारातले टाऊ प्रथिनाचे गुंते राफेच्या पेशींत फार लवकर, कित्येकदा विसराळूपणा जाणवण्याआधीच दिसू लागतात. म्हणजे सेरोटोनिनचा उगमच आधी पोखरला जातो.

५-एचटी६ अडवला की मेंदूत असिटिलकोलिन हा दुसरा निरोप्या रेणू वाढतो, आणि अल्झायमरमध्ये त्याचीच टंचाई असते. त्यावरून औषधं तयार झाली. इडॅलोपिर्डिनच्या तीन मोठ्या चाचण्यांत मिळून अडीच हजारांवर रुग्ण होते. २०१८मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, आणि आकलनशक्तीत फरक आढळला नाही. इंटेपिर्डिनही २०१७मध्ये अपयशी ठरलं. म्हणून हा रिसेप्टरच बिनमहत्त्वाचा, असं मी मानणार नाही. लवेवरच्या त्या सिनॅप्सचा पत्ता लागण्याआधीच आपण त्याच्या दाराला कडी घातली होती.

शिवाय अल्झायमर म्हणजे नुसतं विसरणं नव्हे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ठाऊक असतं: दिवस कलला की आई उठते, स्वतःच्याच घरात ‘मला घरी जायचंय’ म्हणते, अडवलं की चिडते, रडते. अनेक कुटुंबांना विसरण्यापेक्षा ही तगमग अधिक थकवते. हैदराबादच्या सुवेन लाइफ सायन्सेसचं मासुपिर्डिन हे औषधही ५-एचटी६लाच अडवतं. आकलनशक्ती सुधारण्यात ते कमी पडलं. पण मुळात अस्वस्थ असलेल्या रुग्णांची माहिती वेगळी काढून तपासली तेव्हा त्यांची तगमग उतरल्याचं दिसलं. मागाहून केलेल्या अशा तपासणीवर विसंबता येत नाही, म्हणून कंपनीने पुढची मोठी चाचणी त्याच एका लक्षणासाठी हाती घेतली.