व्हाम्पोआ आणि नाशिक : दोन लष्करी शाळा

बंदुका विकत घेता येतात; सैन्य मात्र घडवावे लागते. विसाव्या शतकात आशियात या हेतूने ज्या शाळा निघाल्या, त्यांपैकी दोन शाळांचा परिचय मी येथे करून देत आहे. एक चीनमधील व्हाम्पोआची, दुसरी आपल्या नाशिकची.

१९११ च्या क्रांतीने चीनमधील राजेशाही संपली. पण लवकरच सत्ता प्रांतोप्रांतीच्या सेनापतींच्या हाती गेली. सैनिक देशाचा नव्हे, तर पगार देणाऱ्याचा! डॉ. सन यत्सेन यांनीही चेन च्युंगमिंग या सेनापतीवर भिस्त ठेवली. जून १९२२ मध्ये त्याच्याच फौजेने कॅन्टन येथे त्यांच्या निवासस्थानावर हल्ला केला. डॉ. सन यांना युद्धनौकेचा आश्रय घ्यावा लागला. क्रांतीला स्वतःचे सैन्य हवे, हा धडा त्यांना मिळाला. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने १६ जून १९२४ रोजी कॅन्टनजवळच्या बेटावर व्हाम्पोआ अकादमी सुरू झाली. प्रमुख होते च्यांग कै-शेक. पुढे राजकीय शिक्षणाची जबाबदारी चौ एन-लाय यांनी सांभाळली. कवायतीबरोबरच ‘आपण का लढतो?’ हेही तेथे शिकवीत. १९२६ च्या उत्तर मोहिमेत येथील अधिकाऱ्यांनी मोठा पराक्रम केला. पण एप्रिल १९२७ मध्ये च्यांग कम्युनिस्टांवर उलटले आणि एकाच शाळेचे विद्यार्थी एकमेकांविरुद्ध उभे ठाकले.

आपल्याकडील परिस्थिती निराळी होती. इंग्रज सरकारने १९१८ पासून सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी वर्षाला जेमतेम १० जागा ठेवल्या. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांना हे सलत होते. बोअर युद्धात वैद्यकीय पथकात काम केल्यामुळे त्यांनी रणभूमी जवळून पाहिली होती. गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये त्यांनी इटलीतील युवक शिक्षणसंस्था पाहिल्या आणि मुसोलिनीची भेट घेतली. १९३५ मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले.

व्हाम्पोआमागे पक्ष, सरकार आणि परकी मदत होती. मुंजे यांच्या मागे होत्या देणग्या आणि चिकाटी. तरी एक साम्य आहे. व्हाम्पोआ एका पक्षासाठी निघाली, तर नाशिकची शाळा प्रथम एका समाजाच्या तरुणांना डोळ्यांपुढे ठेवून. सैनिकाची निष्ठा कोणाशी, हा प्रश्न दोन्हीकडे उरतोच.

एन.सी.सी.चा छात्र या नात्याने मला हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटत नाही. २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याने केंद्रीय राखीव पोलीस दलातील दोन जवान गमावले. ज्या घरांतून अशी मुले जातात, त्या घरांना हे विचारण्याचा हक्क आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एन.सी.सी.त एकाच रांगेत सर्व जातिधर्मांची मुलेमुली उभी राहतात. माझ्या मते त्या रांगेतच याचे उत्तर आहे : निष्ठा सेनापतीशी नको, पक्षाशी नको, ती साऱ्या देशाशी हवी. चीनला हा धडा यादवी युद्धाची किंमत मोजून मिळाला. आपण तो वाचूनच शिकलेला बरा!