जुन्या जीपगाडीचा सैल गिअरदांडा : परीक्षा आणि उपाय

समाजविकास कार्यक्रमास 2 ऑक्टोबर 1952 रोजी प्रारंभ झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीपगाडी खेडोपाडी दिसू लागली. बियाणे, खतांचे नमुने, जनावरांच्या लशी आणि माणसे या साऱ्यांची ने-आण त्या गाडीने कच्च्या रस्त्यांवरून केली. पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द करण्यात आली असल्याने कचेऱ्यांतील त्या गाड्या आता राहिल्या नाहीत. परंतु खाजगी मालकीच्या जुन्या जीपगाड्या नोंदणीचे नूतनीकरण करून आजही वापरात आहेत. शेतमाल, पाण्याची पिंपे आणि मजूर यांची वाहतूक करणाऱ्या या गाड्यांत एक तक्रार वारंवार आढळते, ती म्हणजे गिअरचा दांडा सैल होऊन डुगडुगणे.

या तक्रारीकडे सामान्यतः दोन प्रकारांनी पाहिले जाते. काहीजण 'जुनी गाडी अशीच चालायची' असे म्हणून दुर्लक्ष करतात. काहीजण घाबरून संपूर्ण गिअरपेटी खोलून घेतात आणि नाहक खर्चात पडतात. नांगराचे रुमणे हलू लागले तर शेतकरी नांगर टाकून देत नाही, आणि तसाच चालवीतही नाही. सैलपणा नेमका कोठे आहे ते पाहून तेथे पाचर ठोकतो. गिअरदांड्याच्या बाबतीतही हाच विवेक उपयोगी पडतो.

दांड्याची रचना

जुन्या जीपगाडीत मुख्य गिअरदांडा थेट गिअरपेटीच्या झाकणावर बसविलेला असतो. दांड्याच्या मध्ये एक गोळा असून तो झाकणातील वाटीत बसतो. स्प्रिंग त्या गोळ्याला वाटीत दाबून धरते. दांड्याचे खालचे टोक, म्हणजे त्याची जीभ, पेटीतील दोन काट्यांच्या खाचांत शिरते. जीभ ज्या खाचेत असेल तो काटा सरकतो आणि त्याबरोबर गिअरचे चाक सरकते. सरकलेले चाक आपल्या जागी टिकून राहावे म्हणून लहान पोलादी गोळी व स्प्रिंग यांची योजना केलेली असते.

या रचनेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गोळ्याच्या वर दांड्याची लांबी पुष्कळ आणि खाली थोडी असते. समजा, वरचा भाग खालच्या भागाच्या सहापट आहे. तर जिभेशी केवळ 1 मिलिमीटर झीज झाली असता मुठीशी 6 मिलिमीटर हालचाल दिसेल. म्हणून दांडा फार हलतो याचा अर्थ आतील बिघाड तेवढाच मोठा आहे असा नव्हे. उलट, दांडा फारसा हलत नसतानाही गिअर आपोआप निसटत असेल, तर तो बिघाड अधिक गंभीर समजावा.

तपासणीपूर्वीची काळजी

गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. हातब्रेक ओढावा आणि चाकांच्या पुढे व मागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. केवळ गिअरच्या भरवशावर गाडी उभी ठेवून काम करू नये. ज्या जीपगाडीत चारही चाकांना गती देणारी दुसरी पेटी असते, तिच्या दांड्यांपैकी हलका-जड वेग बदलणारा दांडा मधल्या स्थितीत असेल, तर मुख्य गिअर घातलेला असूनही गाडी घसरू शकते.

परीक्षेचा क्रम

तपासणी नेहमी बाहेरून आत आणि सोप्यापासून कठीणाकडे करावी.

पहिली परीक्षा मुठीची. मूठ व तिच्या खालचा नट सैल असेल तर तो आवळताच निम्मी तक्रार संपते. काही गाड्यांत दांडा दोन तुकड्यांचा असतो. तेथील जोडही पाहावा.

दुसरी परीक्षा गोळ्याची. रबरी आवरण वर सरकवून दांडा झाकणाजवळ धरावा आणि वर उचलून पाहावा. गोळा वाटीतून सहज उचलला जाऊन खळखळत असेल, तर स्प्रिंग मऊ पडली आहे, मोडली आहे, किंवा वाटी झिजली आहे असे समजावे.

तिसरी परीक्षा जिभेची. गोळा घट्ट असून दांडा गिअरमध्ये असतानाही पुढेमागे बराच हलतो, पण गिअर मात्र निसटत नाही, अशी स्थिती असेल तर जीभ किंवा काट्यांच्या खाचा झिजलेल्या असतात. अशा गाडीत गिअर बदलताना जीभ एका खाचेतून पूर्णपणे न निघता दोन्हींमध्ये अडकण्याचा संभव असतो. मधल्या स्थितीत दांडा आडवा थोडासा हलणे मात्र स्वाभाविक आहे. त्यास दोष मानू नये.

चौथी परीक्षा चालत्या गाडीची असून ती मोकळ्या, सपाट जागी आणि मंद वेगात करावी. ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना दांडा स्वतःच पुढेमागे झुकत असेल, तर इंजिन व गिअरपेटी यांना आधार देणारे रबरी ठोकळे फाटले असण्याचा संभव असतो. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर निसटून दांडा मधल्या स्थितीत येत असेल, तर गोळीची स्प्रिंग, काटा, गिअरचे दाते किंवा बेअरिंग यांत दोष आहे. या वेळी कोणता दांडा निसटला तेही पाहावे. दुसऱ्या पेटीचा दांडा निसटल्यासही गाडी तशीच मोकळी सुटते, आणि मग दोष नसलेली मुख्य गिअरपेटी विनाकारण खोलली जाते.

दांडा सैल नसून गिअर घालताना करकर आवाज होत असेल, तर दांड्यास दोष देण्यापूर्वी क्लच पूर्ण सुटतो की नाही ते तपासावे.

दुरुस्ती

मूठ, नट, रबरी आवरण आणि आधाराचे ठोकळे यांची दुरुस्ती जाणत्या मालकास स्वतः करता येते. ठोकळे बदलताना इंजिनाचे वजन जॅकवर नीट पेलून धरावे.

गोळ्याची स्प्रिंग व वाटी बदलताना प्रथम भोवतालची माती स्वच्छ पुसून काढावी, कारण झाकण उघडताच ती सरळ गिअरांवर पडते. दांडा मधल्या स्थितीत आणून मगच झाकणाचे बोल्ट सोडावेत. काढलेले भाग क्रमाने कापडावर मांडून ठेवावेत. नवी स्प्रिंग त्याच मापाची असावी. अधिक ताठ स्प्रिंग घातल्याने दांडा घट्ट वाटतो, परंतु वाटी लवकर झिजते. परत बसविताना दोन्ही काटे मधल्या स्थितीत एका ओळीत असून जीभ खाचांत नीट शिरली आहे याची खात्री करावी. बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे आवळावेत. त्यानंतर इंजिन बंद ठेवून सर्व गिअर एकेक करून घालून पाहावेत.

झिजलेल्या जिभेवर वेल्डिंगचा भर देऊन ती कानशीने मूळ मापास आणण्याची रीत कारखान्यांतून प्रचलित आहे. नवा दांडा मिळत नसेल तेथे ती चालते. मात्र दांडा गाडीतून पूर्ण काढूनच हे काम करावे. भर जास्त राहिल्यास जीभ खाचेत अडकते, म्हणून मापाबाबत घाई करू नये.

गिअर निसटण्याचा दोष असेल तर काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे. काट्यांच्या दांड्या काढताना पोलादी गोळ्या स्प्रिंगच्या जोराने उडतात. एखादी गोळी हरवली किंवा पेटीत राहून गेली तर नवेच नुकसान उद्भवते.

धोका कोठे आहे

सैल दांड्यामुळे होणारी गैरसोय सहन करता येते. त्यातील धोका मात्र सहन करण्याजोगा नाही. घाट उतरताना गाडीचा वेग काबूत ठेवण्याचे अर्धे काम इंजिन करीत असते. गिअर निसटला की तो सारा भार ब्रेकवर येतो. जुन्या तीन गिअरांच्या जीपगाडीत पहिल्या गिअरला समगती साधणारी योजना नसते. म्हणून उतारावर सुटलेल्या गाडीत तो गिअर पुन्हा घालणे अतिशय कठीण होते. माणसे व माल भरलेल्या गाडीत असा प्रसंग ओढवला तर विचार करण्यास वेळ मिळत नाही.

याकरिता गिअर निसटणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नये आणि तीत माणसे बसवू नयेत. दांडा दोरीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवणे ही दुरुस्ती नव्हे. तशा स्थितीत अडचणीच्या वेळी गिअर काढताही येत नाही.

दुसरा धोका उभ्या गाडीचा. दांडा इतका सैल असतो की तो मधल्या स्थितीत आहे असे हातास वाटते, परंतु आत गिअर पडलेला असतो. अशा वेळी हॅन्डल मारून इंजिन चालू केले तर गाडी समोरच्या माणसावर येते. ट्रॅक्टरबाबत ही सूचना अधिकच महत्त्वाची आहे. जमिनीवर उभे राहून, स्टार्टरची टोके जोडून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय प्राणघातक आहे. ट्रॅक्टर नेहमी आसनावर बसून, क्लच दाबून आणि दांडा मधल्या स्थितीत असल्याची खात्री करूनच चालू करावा.

इतर मोटारींविषयी

सर्वच वाहनांत दांडा पेटीवर बसविलेला नसतो. मारुती 800 मध्ये गिअरपेटी पुढे इंजिनाशेजारी असून दांडा दोन आसनांमध्ये असतो. दोहोंना लांब दांडी जोडते. या दांडीच्या सांध्यांतील लहान बुश झिजले की दांडा खुळखुळतो. अनेक जुन्या ॲम्बॅसॅडर मोटारींत दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो व तेथून दांड्यांची साखळी पेटीपर्यंत जाते. अशा वाहनांत प्रथम सांधे व बुश पाहावेत. एकाने दांडा हलवावा आणि दुसऱ्याने, इंजिन बंद असताना, प्रत्येक सांधा निरखावा. ज्या सांध्याची एक बाजू हलते व दुसरी हलत नाही तेथेच दोष असतो.

नित्य निगा

गिअरपेटीतील तेलाची पातळी नियमितपणे पाहावी व निर्मात्याने सांगितलेलेच गिअर ऑइल वापरावे. चिखलाच्या दिवसांत रबरी आवरण फाटलेले असेल तर पाणी व गाळ आत शिरतो. ते आवरण वेळीच बदलणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. जुने तेल काढताना त्यात लोखंडाचा चुरा आढळल्यास दात्यांची तपासणी करून घ्यावी. गाडी चालविताना हात दांड्यावर टेकून ठेवण्याची सवय सोडावी. त्या भाराने काटे सतत घासले जातात.

ग्रामसेवकांनी आपल्या गावातील जुन्या जीपगाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या मालकांना हंगाम सुरू होण्यापूर्वी एकत्र बोलावून ही परीक्षा प्रत्यक्ष करून दाखविल्यास तिचा चांगला उपयोग होईल. सुगीच्या ऐन घाईत गाडी बंद पडणे टळेल, खर्च आटोक्यात राहील, आणि गाडीत बसणारी माणसे सुखरूप घरी पोहोचतील.