चाक मोठं हवं, तर गाडी किती उचलायची?

मारुती जिप्सीचं बुकिंग कंपनीने 2018 च्या अखेरीस थांबवलं. नवे सुरक्षा नियम आणि पाठोपाठ येणारे प्रदूषणाचे नियम या गाडीला झेपणारे नव्हते. पण जंगलांनी जिप्सीला निवृत्त केलेलं नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सफारी म्हटलं की आजही लोकांच्या तोंडी ‘जिप्सी’च येते. हिरवा रंग, उघडी पाठ, मागे पायरीसारख्या चढत्या बाकांवर सहा पर्यटक, पुढे चालक आणि गाइड. एमएच 35 पाटीच्या अशा गाड्या म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना एक प्रश्न वारंवार पडतो: पुढच्या वेळी टायर थोडे मोठे टाकले तर? मग गाडी उचलावी लागेल का? आणि उचलायची तर किती?

हा प्रश्न हौशी लोकांचा वाटतो, पण गाडीवर पोट असलेल्यालाही तो तितकाच लागू आहे. आणि त्याचं उत्तर बहुतेकदा उलट्या बाजूने शोधलं जातं. आधी लिफ्ट किट घेतली जाते आणि मग त्यात मावेल तो सगळ्यात मोठा टायर. खरा क्रम आधी रस्ता, मग टायर आणि सगळ्यात शेवटी लिफ्ट असा आहे.

म्हणून सुरुवात रस्त्यापासून. नवेगाव बांध हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली वाट बांधाने अडवून इथला तलाव उभा केला आणि गावाच्या नावात ‘बांध’ कायमचा बसला. भोवतालच्या जंगलाला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र 133.88 चौरस किलोमीटर. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आतले रस्ते मुरुमाचे आणि मातीचे. मधे नाल्यांवरचे दगडी उतार, चाकोरीने खोल गेलेले पट्टे, काठाला बांबू. तोडलेल्या बांबूचा खुंट टायरच्या बगलेत घुसला की पंक्चरवाल्याचं काम संपलं, टायरच बदलावा लागतो.

पावसाळ्यात मात्र हे चित्र पूर्ण पालटतं. धानाच्या बांध्या भरतात, चिकणमाती चाकाला धरून ठेवते आणि नाले वाहू लागतात. पण त्या महिन्यांत गाभ्यातलं पर्यटन बंद असतं. म्हणजे ज्या चिखलासाठी माणूस तीस-एकतीस इंची मड टायरची स्वप्नं पाहतो, तो चिखल सफारीच्या हंगामात वाट्याला फारसा येतच नाही. तसा चिखल पाहायचा तर भर पावसात गोव्याला जावं. तिथे 2014 पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा होते. विंच, स्नॉर्कल, उंच केलेल्या गाड्या आणि छातीइतके खड्डे. त्या गाड्यांचं गणित वेगळं आणि रोज सहा माणसं घेऊन जाणाऱ्या जिप्सीचं वेगळं.

आता जिप्सीकडे. भारतात ती डिसेंबर 1985 मध्ये आली, 970 सीसीच्या इंजिनासह. 1996 मध्ये जिप्सी किंग आली 1.3 लिटरची, आणि 2000 साली एमपीएफआय इंधन प्रणालीमुळे ताकद 80 अश्वशक्तीवर गेली. वजन हजार किलोच्या आसपास. पुढेमागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही कोपऱ्यांत पाटे. हा सगळा साधेपणाच तिच्या दीर्घायुष्याचं कारण. लोहारकाम जाणणारा कोणताही कारागीर तिचा पाटा काढून, ठोकून, पुन्हा बसवू शकतो.

याच रचनेत लिफ्टबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज लपलेला आहे. गाडी उचलली म्हणजे ती दगडावरून सहज जाईल, असं लोक धरून चालतात. जिप्सीच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या पोटात डिफरन्शिअलचा फुगीर गोळा आहे आणि दगडाला पहिला तोच भिडतो. पाटे बदलून चेसिस चार इंच वर नेली तरी हा गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो, कारण अ‍ॅक्सल थेट चाकांना जोडलेला आहे. तो वर उचलायचा एकच मार्ग, मोठा टायर. लिफ्टने बंपर, चेसिस आणि पोटाखालचा भाग वर जातो, आणि मोठ्या टायरला हलायला जागा मिळते. बस, एवढंच तिचं काम.

टायरचा आकडा वाचायला अवघड नाही. 205/70 आर 15 म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर, बगलेची उंची त्या रुंदीच्या 70 टक्के, रिम 15 इंची. हिशेब केला तर उंची साधारण 668 मिलिमीटर येते. 215/75 आर 15 घेतला तर 704. 235/75 आर 15 घेतला तर 734. वाढलेल्या उंचीचा निम्मा भागच गोळ्याखाली मिळतो. 205 च्या तुलनेत 215 मध्ये ही कमाई 18 मिलिमीटर, 235 मध्ये 33. ऐकायला किरकोळ, पण चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गोळा घासणं आणि न घासणं यात बऱ्याचदा इतकंच अंतर असतं.

या मिलिमीटरची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. 235 च्या टायरवर स्पीडोमीटर 40 दाखवत असेल, तेव्हा गाडी प्रत्यक्षात 44 ने चाललेली असते. एका फेऱ्यात चाक जास्त अंतर कापतं, म्हणून प्रत्येक गिअर सुमारे दहा टक्क्यांनी ‘लांब’ होतो. 80 अश्वशक्तीच्या इंजिनाला आठ माणसं घेऊन चढावर हे लगेच जाणवतं. लो गिअरमध्ये उतार उतरताना इंजिनाची पकड सैल पडते आणि ब्रेकवर भार येतो. जड चाक थांबवायला ब्रेकलाही जास्त राबावं लागतं. टायर रिमसकट बाहेरच्या बाजूला काढला, तर बेअरिंग आणि किंगपिनची झीज वाढते ती निराळी.

टायर बसेल की नाही, हे कॅटलॉग सांगत नाही. ते गाडीपाशी बसून पाहावं लागतं. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, चारही टायरांत हवा सारखी भरायची आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही ठिकाणी अंतर मोजून फरशीवर खडूने लिहायचं. जुन्या जिप्सीत डावी-उजवी बाजू सारखी सहसा निघत नाही. चालकाची बाजू बसलेली असते, मागचे पाटे तर जवळजवळ सरळ झालेले. मग पुढचं एक चाक मजबूत ठोकळ्यावर चढवायचं, दुसऱ्या बाजूचं लोंबकळू द्यायचं आणि स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवायचं. टॉर्च लावून आत पाहिलं की टायर कुठे घासणार ते दिसतं. पुढे बंपरच्या कोपऱ्याला, मागे मडगार्डच्या आतल्या पत्र्याला, आणि पूर्ण वळणावर कधीकधी थेट पाट्याला. पत्र्याला घासत असेल तर लिफ्ट उपयोगी पडते. पाट्याला घासत असेल तर कितीही उचला, घासणारच. तिथे टायरची रुंदी कमी करणं किंवा स्टिअरिंगचा स्टॉपर थोडा पुढे घेणं हाच उपाय.

या मोजणीत अनेकदा असं लक्षात येतं, की गाडीला लिफ्टची गरजच नाही. वर्षानुवर्षं माणसं वाहून पाटे बसले आहेत, आणि ते नव्याने कमान देऊन किंवा बदलून घेतले की गाडी मूळ उंचीवर येते. हरवलेली उंची परत मिळवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्धोक उपाय, आणि 215/75 साठी तो बहुधा पुरतो.

त्यापुढे जायचं असेल तर पर्याय चार. पहिला लांब शॅकलचा. पाट्याच्या टोकाची ही लोखंडी जोडपट्टी दोन इंच वाढवली की गाडी साधारण एक इंच उचलते. स्वस्त, पण पुढच्या बाजूला घातक. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांबलं की अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचं सोडून भटकू लागतं. दुसरा पर्याय जुन्या संचात एक जादा पाटा घालण्याचा. भार वाहायला बरा, पण रिकामी गाडी गाढवासारखी उड्या मारते. तिसरा पर्याय जास्त कमानीच्या पूर्ण नव्या पाट्यांचा, जोडीला तेवढेच लांब शॉकअप. खर्च मोठा, पण चाल टिकवून उंची देणारा हाच प्रामाणिक मार्ग. दीड ते दोन इंच पुरे. साधारण तेवढ्यात थोडी पत्र्याची छाटणी करून 235/75 फिरतो.

चौथा पर्याय स्पर्धावाल्यांचा. जिप्सीचे पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते वर घेतले की गाडी एकदम पाचेक इंच उंच होते. फोटोत रुबाब येतो. पण मग प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर वाकडा ताण येतो, ब्रेकचे पाइप अपुरे पडतात, स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो आणि खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते. हे सगळं निस्तरता येतं, फक्त त्याची यादी किट विकणारा देत नाही.

नव्या गाड्यांचं दुखणं वेगळ्या जागी असतं. 2023 मध्ये भारतात आलेल्या जिम्नीत अखंड अ‍ॅक्सलच आहेत, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. तिथे आडव्या पॅनहार्ड रॉडमुळे गाडी उचलताच अ‍ॅक्सल एका कुशीला सरकतो, म्हणून लांबी बदलता येणारा रॉड लिफ्टसोबतच घ्यावा लागतो. नाशिकमध्ये बनणाऱ्या 2020 च्या महिंद्रा थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. स्प्रिंगवर ठोकळा ठेवून ती उचलणं फार सोपं, पण पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून त्यांची रबरी टोपणं फाटतात आणि माती आत शिरते. 2010 च्या जुन्या थारमध्ये तर पुढचा टॉर्शन बार नुसता आवळला की गाडी वर येते. पैसा लागत नाही, पण चाकाचा खाली जाण्याचा वाव संपतो आणि खड्ड्यावर चाक लोंबतच राहतं. शिवाय नव्या थारला 255/65 आर 18 चे टायर आणि 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स कारखान्यातूनच मिळतो. नवेगावच्या रस्त्यासाठी तिला हात लावायचं कारण नाही.

उंचीचा खरा हिशेब उताराला आडवं जाताना होतो. गुरुत्वमध्य वर गेला की गाडी लवकर कलंडते, आणि जिप्सीचं घराणं यासाठी आधीच बदनाम आहे. तिचीच आखूड बहीण सुझुकी समुराई हिला 1988 मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर्स युनियनने कलंडण्याच्या धोक्यामुळे ‘अस्वीकार्य’ असा शेरा दिला. चाचणी पक्षपाती होती असं म्हणत सुझुकीने 1996 मध्ये दावा लावला आणि 2004 मध्ये तडजोड झाली. वादात कोणाचं खरं, ते बाजूला ठेवू. पण समुराईला तेव्हा लिफ्ट नव्हती आणि तिच्या पाठीवर उंच बाकांवर बसलेली, बिबट्या दिसताच एका बाजूला झुकणारी सहा माणसं नव्हती. सफारीच्या जिप्सीत ती असतात.

शेवटचा अडसर कायद्याचा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. ज्या गाडीला दरवर्षी पासिंगला उभं राहायचं आहे आणि जिच्यात भाड्याने माणसं बसतात, तिच्या मालकाने हे गंमत म्हणून घेऊ नये. अपघात झाला तर विम्याचा दावा नेमका याच मुद्द्यावर अडू शकतो.

तेव्हा नवेगावच्या जिप्सीसाठी निकाल साधा आहे. चारही पाटे मूळ कमानीवर आणा, शॉकअप बदला, बगल जाड असलेले ऑल टेरेन टायर घ्या आणि मापात 215/75 पर्यंतच थांबा. तेही आधी आरटीओत विचारून. चार इंची लिफ्ट आणि मड टायर हा खर्च गोव्याच्या चिखलात उतरणाऱ्याने करावा. नवेगावच्या मालकाने तोच पैसा चांगल्या टायरांवर आणि दर हंगामाआधी पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश आणि ब्रेकचे पाइप तपासून घेण्यावर घालावा.