काउंटीचा कारभारी कोण?

अमेरिकेच्या बातम्यांत आपल्याला राष्ट्राध्यक्ष दिसतो, गव्हर्नर दिसतो, फार तर न्यूयॉर्कचा महापौर दिसतो. काउंटी सहसा दिसत नाही. पण घराचं मूल्यांकन, मतदार याद्या, तुरुंग, साथरोगांवर लक्ष, निराधार मुलांचा सांभाळ अशी रोजच्या जगण्याची कितीतरी कामं तिथे काउंटीकडे असतात. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं मोजली गेली. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस काउंटीत जवळपास १ कोटी. शब्द मात्र दोन्हींना एकच.

मी एक पूर्ण मुदत जिल्हा परिषदेची सदस्य होते. मुलगी लॉस एंजेलिस काउंटीत राहते, त्यामुळे तिथल्या मंडळाच्या विषयपत्रिका आणि अंदाजपत्रकं वाचायचा नाद मला लागला. वर्षातून एकदा 'स्टेट ऑफ द काउंटी' नावाचं भाषण करण्याची प्रथा तिकडे अनेक ठिकाणी आहे. सरत्या वर्षात काय केलं आणि येत्या वर्षात कशाला प्राधान्य देणार, हे त्यात लोकप्रतिनिधी सांगतात. आमच्या सर्वसाधारण सभेतही अशी भाषणं होत. मी स्वतः ती केली आहेत. म्हणूनच ती ऐकताना एक प्रश्न सुटत नाही: यातलं किती बोलणाऱ्याच्या हातात आहे?

कायद्याने पाहिलं तर फार थोडं. अमेरिकेच्या राज्यघटनेत काउंटीचा उल्लेख नाही. ती राज्याची निर्मिती आहे. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेलं सूत्र आजही 'डिलनचा नियम' म्हणून ओळखलं जातं. स्थानिक संस्थेला राज्याने दिले तेवढेच अधिकार, आणि शंका असेल तिथे अधिकार नाही असंच धरायचं. या नियमातून थोडी मोकळीक मिळावी म्हणून कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये काउंट्यांना स्वतःची सनद करण्याची मुभा दिली. लॉस एंजेलिसने ती सर्वांत आधी घेतली. तिथल्या मतदारांनी १९१२ मध्ये मंजूर केलेली सनद पुढच्या वर्षी अमलात आली. तेव्हा काउंटीची लोकसंख्या होती सुमारे ५ लाख, आणि कारभार पाहणारे सुपरवायझर होते पाच.

आपल्याकडे सुपरवायझर म्हटलं की परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे गुरुजी आठवतात. तिथले सुपरवायझर मात्र कायदे करतात, अंदाजपत्रक मंजूर करतात आणि खात्यांवरही तेच देखरेख ठेवतात. आज लोकसंख्या वीसपट झाली, तरी सुपरवायझर पाचच आहेत. एकेका सुपरवायझरच्या वाट्याला सुमारे २० लाख माणसं येतात, म्हणजे आपला जवळजवळ एक लोकसभा मतदारसंघ. माझ्या गटात पंचवीस-तीस गावं होती, आणि तेवढ्यांना भेटतानाही दमछाक व्हायची. एक गोष्ट मात्र कौतुकाची. २०२० च्या डिसेंबरपासून या पाचही जागांवर महिला आहेत, आणि तिथे आपल्यासारखं महिला आरक्षण नाही.

आता पैशाकडे वळू, कारण प्राधान्यक्रम खरा कळतो तो तिथेच. या काउंटीचं वर्षाचं अंदाजपत्रक ४० अब्ज डॉलरच्या पुढे आहे आणि कर्मचारी १ लाखाहून जास्त. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण यातला मोठा हिस्सा राज्य आणि केंद्राकडून ठरावीक कामांसाठी येतो: आरोग्य, अन्नमदत, बालकल्याण. ज्याला कुणीही वाली नाही अशा गरिबाची सोय काउंटीने करायची, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यातलं बंधन १९३० च्या दशकापासूनचं आहे. मालमत्ता करावर १९७८ च्या सार्वमताने मर्यादा घातली. मूलभूत दर मूल्याच्या १ टक्का, आणि त्यातही शाळा, शहरं आणि काउंटी वाटेकरी. नवा कर लावायचा तर मतदारांकडे जावं लागतं, आणि मतदार तो विशिष्ट हेतूसाठी बांधून देतात. बेघरांसाठी २०१७ मध्ये पाव टक्का विक्रीकर मंजूर झाला; २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या जागी अर्धा टक्का आला. तो रस्त्यांवर खर्च करता येत नाही.

जिल्हा परिषदेत काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. आमच्या अंदाजपत्रकात हस्तांतरित योजना असत, अभिकरण योजना असत, आणि शेवटी स्वउत्पन्नाचा भाग असे. त्यालाच आम्ही सगळे 'सेस' म्हणत असू. शिक्षकांचे पगार, पाणीपुरवठा, घरकुलं यांचे कोट्यवधी रुपये आमच्या नावावर दिसत, पण त्यांचं लेखाशीर्ष मंत्रालयात ठरलेलं असे. सभागृहात भांडण व्हायचं ते सेसवर. रक्कम लहान होती, पण 'आम्ही ठरवलं' असं म्हणता येईल असं तेवढंच होतं.

लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०२० मध्ये काउंटीच्या 'सेस'लाच हात घातला. 'मेजर जे' या प्रस्तावाने ठरवलं, की स्थानिक आणि बंधनमुक्त उत्पन्नातला किमान १० टक्के भाग घरं, रोजगार, मानसोपचार, तुरुंगाला पर्याय अशा कामांवरच खर्च व्हावा. तुरुंग आणि पोलिसी यंत्रणेवर नाही. म्हणजे प्राधान्यक्रम भाषणातून काढून थेट सनदेत नेला. पण पुढे जे घडलं ते कुठल्याही कार्यालयातल्या माणसाला कपाळाला हात लावायला लावेल. मंजूर झालेला हा मजकूर सनदेच्या प्रतीत नोंदवायचाच राहिला. २०२४ मध्ये दुसऱ्या प्रस्तावाने सनदेचा तो भाग नव्याने लिहिला गेला, तेव्हा जुन्या प्रतीवरून काम झालं, आणि 'जे' २०२८ पासून आपोआप रद्द होईल अशी अवस्था झाली. हे उघड झालं ते २०२५ मध्ये. लाखो मतांनी ठरलेली गोष्ट एका न झालेल्या नोंदीमुळे पुसली जाणार होती.

हा दुसरा प्रस्ताव म्हणजे 'मेजर जी'. तो का आला, हे समजायला काउंटीच्या रचनेतली एक पोकळी पाहावी लागते. पाच सुपरवायझरांमधला अध्यक्ष दरवर्षी आळीपाळीने बदलतो. मुख्य कार्यकारी अधिकारी मंडळ नेमतं आणि मंडळच काढू शकतं. शेरीफ, जिल्हा सरकारी वकील आणि मालमत्ता मूल्यांकन अधिकारी हे तिघं वेगळे निवडून येतात. सगळ्या काउंटीने मत देऊन निवडलेला एक कारभारी मात्र कुठेच नाही.

या पोकळीची किंमत काय असू शकते, ते २०२५ च्या जानेवारीत दिसलं. ८८ शहरांच्या या काउंटीत सुमारे १० लाख माणसं कुठल्याही शहराच्या हद्दीत न येणाऱ्या भागांत राहतात. त्यांना महापौर नाही, नगरपालिका नाही. काउंटी हीच त्यांची पालिका. चाळीसएक हजार वस्तीचं आल्टाडीना हे असंच एक गाव. तिथली टाउन कौन्सिल फक्त सल्ला देऊ शकते. ७ जानेवारीच्या संध्याकाळी ईटन दरीत आग लागली. तिने ९ हजारांहून अधिक बांधकामं जाळली आणि १९ जणांचा जीव घेतला. मृतांपैकी बहुतेक पश्चिम आल्टाडीनातले होते, आणि घरं सोडण्याचा इशारा त्या भागाला पूर्वेच्या मानाने कित्येक तास उशिरा मिळाला. काउंटीनेच नेमलेल्या स्वतंत्र पाहणीचा अहवाल सप्टेंबरमध्ये आला. जुनाट कार्यपद्धती, अपुरी साधनं आणि इशारा देण्याची जबाबदारी नक्की कुणाची याबद्दलची संदिग्धता, यांवर त्यात बोट ठेवलं आहे. 'संदिग्धता' हा सरकारी अहवालातला सौम्य शब्द. जळलेल्या घराच्या मालकाने विचारायचं कुणाला, असा त्याचा साध्या मराठीत अर्थ.

'मेजर जी' मतदारांनी थोड्या फरकाने मंजूर केलं, तेही आगीच्या दोन महिने आधी. त्यानुसार २०२८ मध्ये काउंटीचा कार्यकारी प्रमुख थेट निवडला जाईल, आणि २०३२ पर्यंत सुपरवायझर पाचाचे नऊ होतील. एका माणसाच्या हाती एवढी सत्ता नको, असं मंडळातल्याच दोघींचं मत होतं, आणि ते धुडकावण्यासारखं नाही.

आपल्या जिल्हा परिषदेची घडण याच्या उलट आहे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुकास्तरावर भर दिला होता. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक धरला. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सभागृह मोठं, सदस्य गावाजवळचा, विषय समित्यांचे सभापती निवडून आलेले; पण मुख्य कार्यकारी अधिकारी राज्याने पाठवलेला. तिथे अधिकारी मंडळाचा नोकर, इथे सभागृहाला अधिकाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते.

आणि सभागृहच नसेल तर? त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे असं लिहून ठेवलं. तरीही २०२२ च्या मार्चपासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या वादात प्रशासकाच्या हाती गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं. पुढे ती मुदतही जानेवारी २०२६ अखेरपर्यंत वाढवावी लागली. या काळात पगार झाले, योजना राबल्या, फायली हलल्या. पण सेस कुठे खर्च करायचा, यावर भांडायला कुणी नव्हतं, आणि ते भांडण इतिवृत्तात नोंदलं जाण्याचाही प्रश्न नव्हता.

लॉस एंजेलिसच्या मंडळाला कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राऊन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि कुणाही नागरिकाला सभेत बोलू द्यावं लागतं. आगीनंतर आल्टाडीनाचे लोक तिथे उभे राहून बोलले. त्यांना मिळालेली उत्तरं पुरेशी नव्हती, तरी ती मतदारांनी निवडलेल्या बायकांकडून आणि नोंदवहीत मिळाली. आपल्याकडे नवं सभागृह बसेल, तेव्हा पहिल्या वर्षाच्या अहवालात हस्तांतरित योजनांचे मोठे आकडे ओलांडून मी आधी स्वउत्पन्नाचं पान काढीन. खर्च किती, अखर्चित किती आणि ठराव कुणी मांडला, एवढं वाचलं की त्या वर्षाचा प्राधान्यक्रम कळतो.