शून्यही लिहायचे असते

झरी हे आमचे गाव परभणी तालुक्यात. गावापासून पश्चिमेला सरळ रेघ ओढली तरी समुद्र जवळपास चारशे किलोमीटर. आमच्याकडच्या कित्येकांचे आयुष्य काळ्या मातीत सुरू होते आणि काळ्या मातीतच संपते. खारे पाणी पाहायचा योग येतो तो मुंबईला नातेवाइकाकडे गेल्यावर, चौपाटीवर, भेळेच्या कागदासकट. त्यामुळे समुद्रातल्या प्राण्यांविषयी झरीच्या माणसाने लिहावे, हे वाचकांना जरा गमतीचे वाटेल. पण समुद्र आपल्यापासून आपण समजतो तितका लांब नाही. आमच्या घरी भिंतीवर जे पंचांग टांगलेले असते, त्यावरच कोकणातला कोळी आपली होडी काढतो. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे ढोबळमानाने पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आम्ही त्याच तिथीवर उपास धरतो, एवढाच फरक.

हे गणित कुणा एका विद्वानाने खोलीत बसून मांडलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसे किनाऱ्यावर उभी राहिली, पाणी कुठवर आले ते त्यांनी पाहिले आणि लक्षात ठेवले, त्यातून ते आले. समुद्रातल्या प्राण्यांचे वागणेही असेच कळते. जावे लागते, थांबावे लागते, मोजावे लागते आणि लिहून ठेवावे लागते.

मी पेशाने विज्ञानाचा शिक्षक होतो. सातवीच्या वर्गात एकदा समुद्री कासवांविषयी सांगत होतो. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते; पुन्हा त्या अंड्यांकडे फिरकत नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, आई तर निघून गेली. मग पिल्लांला समुद्र कुणीकडं हाय, हे कोण सांगतं?’’

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर आहे : उपजत प्रवृत्ती. मी ते सांगितले, मुलीने वहीत उतरवून घेतले. पण तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्न काही पुसला गेला नाही, आणि तिचे बरोबरच होते. ‘उपजत’ म्हणजे कुणी न शिकवता येणारे. ते कसे येते, हे त्या शब्दात कुठेच नाही. परीक्षेत दोन गुण मिळवून देणारे असे कितीतरी शब्द आपण मुलांच्या हाती ठेवतो. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, तेव्हा मी ठरवले, की हे एकदा डोळ्यांनी पाहायचे. मार्च महिन्यात परभणीहून रात्रीची रेल्वे धरली, पुढे पनवेलहून एसटी, मंडणगडला गाडी बदलून वेळास.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातले, सावित्रीच्या मुखाजवळचे, बाणकोट किल्ल्याच्या शेजारचे लहानसे गाव. इतिहासात ते नाना फडणविसांचे गाव म्हणून ओळखले जाते; आता त्याची ओळख कासवांचे गाव अशी आहे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची पाहणी करत इथे आले होते. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. घरटे लुटले गेले होते. त्या काळी किनाऱ्यावर कासवाची अंडी काढून खाणे किंवा विकणे यात कुणाला वावगे वाटत नसे, जरी १९७२ च्या कायद्याने या कासवाला संरक्षण दिलेले होते. संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. घरटे नेमके कुठे आहे, हे ज्यांना उत्तम कळत होते अशी माणसे गावातच होती. तीच विद्या आता राखणीच्या कामी आली. पुढे वन विभाग आणि ठिकठिकाणचे गावकरी यांच्या हातून हे काम कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर पसरले.

इथे येणारे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. लांबीला दोन-सव्वादोन फूट, वजनाला चाळीस किलोच्या आसपास. मी उतरलो होतो त्या घरच्या यजमानांनी मला पहाटे चारला उठवले आणि किनाऱ्यावर राखण करणाऱ्या एका काकांच्या हवाली केले. काकांचे शिक्षण फारसे नसावे, पण त्या पहाटे वर्ग त्यांचा होता आणि विद्यार्थी मी.

‘‘गुरुजी, ही बघा वाट,’’ वाळूवरच्या पट्ट्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. मला ती एखादे पोते ओढत नेल्यासारखी दिसली. त्यांनी ओणवे होऊन दाखवले : दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर नाहीत, आळीपाळीने पडलेले आहेत. रिडले कासव एकाआड एक वल्हे टाकत चालते; हिरवे कासव दोन्ही वल्ही एकदम टाकते, त्याचे ठसे जोडीने पडतात. म्हणजे प्राणी न पाहताही कोण येऊन गेले ते कळते. पुढे वाट जिथे वळली होती तिथे वाळू विस्कटलेली होती. कधी कधी मादी वर येते आणि काही न करता परत जाते. त्यामुळे वाट दिसली म्हणजे घरटे असेलच असे नाही. काकांनी हाताने हळूहळू वाळू उकरली. कोपर आत गेल्यावर म्हणाले, ‘‘आहेत.’’

खड्डा तोंडाशी अरुंद, खाली रुंद, सुरईसारखा, सुमारे दीड फूट खोल. मादी तो मागच्या वल्ह्यांनी खणते, तेही पाठीमागे न बघता. आत शंभर-सव्वाशे अंडी, टेबल टेनिसच्या चेंडूसारखी पांढरी, पण दाबली तर किंचित दबणारी. कुत्री आणि कोल्हे यांच्यापासून वाचवण्यासाठी ती उचलून जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. हे काम घातल्यापासून काही तासांत उरकावे लागते. नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो. मग अंडे उलटे झाले की पिल्लू गेलेच. आपल्याकडची खुडूक कोंबडी अंडी रोज चोचीने फिरवते, नाही फिरवली तर अंडे वाया जाते. इथे नेमके उलटे! अंडे म्हणजे अंडे, असे समजून चालणाऱ्याने इथे शंभर जीव सहज मारले असते.

प्रत्येक खड्ड्यावर पाटी असते : तारीख, अंड्यांची संख्या. वाळूच्या उबेवर पन्नास-पंचावन्न दिवसांत पिल्ले बाहेर येतात. आणि ही ऊब नुसती उबवत नाही, ती नर-मादीही ठरवते. वाळू साधारण तीस अंशांच्या वर राहिली तर माद्या अधिक, खाली राहिली तर नर अधिक. उन्हाळे तापत चालले आहेत, त्यामुळे वाळूच्या तापमानाची नोंद आता नुसत्या कुतूहलाची बाब उरलेली नाही.

दिवस भरत आले, की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. पहिल्या संध्याकाळी टोपली उचलली, खाली काही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीही काही नाही. मुंबई-पुण्याहून आलेली बरीच मंडळी हिरमुसून गाडीत बसली. काकांनी मात्र खिशातून पेन काढले आणि नोंदवहीत तारीख, वेळ घालून शून्य लिहिले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते म्हणाले, ‘‘काही नाही, हेसुद्धा लिहायला लागतं, गुरुजी. नाहीतर आपण आलोच नव्हतो की काही निघालंच नव्हतं, हे पुढच्याला कसं कळणार?’’

चार दशके विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ते वाक्य फार भावले. आमच्या मराठवाड्यात पावसाळ्यात पर्जन्यमापकाची नोंद अशीच होते. कोरड्या दिवसाचे शून्य लिहिले नाही, तर दुष्काळ सिद्ध कसा करणार? निसर्गाच्या अभ्यासात न दिसलेल्याचीही किंमत असते. मी घरी फोन करून मुक्काम एक दिवस वाढवला.

त्या दिवशी मावळतीला टोपली हलली. उचलली तर खाली मूठभर काळसर पिल्लांची वळवळ, एकेक जेमतेम दोन बोटे रुंद. मोजून नोंद झाली, एकतीस. ती पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर ओल्या वाळूवर ठेवतात आणि लोक दोरीच्या मागे उभे राहतात. पिल्ले क्षणभर थांबली, मान वर केली आणि निघाली, सगळी समुद्राकडेच. एवढ्यात बाजूला कुणीतरी मोबाइलचा दिवा लावला. कडेची दोन पिल्ले थबकली आणि चक्क त्या उजेडाकडे वळली. स्वयंसेवकाने दिवा बंद करायला लावला. थोड्या वेळाने ती पुन्हा सरळ झाली.

सातवीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे वाळूवर पडले होते. अंधारात जमिनीकडची बाजू झाडी-टेकड्यांनी काळी असते आणि पाण्यावरचे क्षितिज उजळ असते. पिल्लू उजेडाकडे जाते. लाखो वर्षे उजेड म्हणजे समुद्र हे समीकरण बरोबर होते. आता किनाऱ्यावर हॉटेले आणि रस्त्यांवर दिवे आले, आणि तीच प्रवृत्ती पिल्लाला भलत्या दिशेला नेऊन मारू लागली. उरलेले निम्मे उत्तर इतरांनी शोधले आहे. पाण्यात शिरल्यावर पिल्लू लाटांना छेद देत पोहते, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जाते. त्यानंतर? अमेरिकेत केनेथ लोहमन यांनी लॉगरहेड जातीच्या पिल्लांना कापडी पट्टा बांधून टाकीत पोहायला लावले आणि टाकीभोवती तारेची वेटोळी बसवली. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटवताच पिल्लांनी आपलीही दिशा उलटवली. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना जाणवते. उजेड, लाट आणि चुंबक : ‘उपजत’ या एका शब्दाच्या पोटात इतके सारे दडले होते.

आणि मोठी झालेली कासवे जातात कुठे? जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांनी वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले. पश्चिम किनाऱ्यावरची ही पहिली म्हणून तिचे नाव प्रथमा. ती उत्तरेला गुजरातकडे गेली. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. त्याहून साधी आणि त्याहून थक्क करणारी गोष्ट जानेवारी २०२५ ची. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची छोटी पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती! तिथे लाखो कासवे एकाच वेळी अंडी घालतात. आपल्या कोकणात एकेकटी येतात. दोन्हीकडची कासवे वेगळी, असे मानण्याला त्या पट्टीने धक्का दिला. तिथे कुणीतरी रात्री वाळूत बसून पट्टी लावली आणि क्रमांक लिहून ठेवला, इथे कुणीतरी तो वाचला, तेव्हा हे कळले.

आमच्या झरीच्या शिवारातले पावसाचे पाणी पूर्णेवाटे गोदावरीला आणि गोदावरीवाटे त्याच पूर्वेच्या समुद्राला मिळते. वर्गात आता कुणी समुद्राचे नाते विचारले, तर नकाशावर बोट ठेवायला मला जागा आहे.

ज्यांना कोकणात लांबवर जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी मुंबईचा किनाराही आहे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट ओहोटीच्या वेळी लोकांना खडकाळ किनाऱ्यावर नेतो. इमारतींच्या पायथ्याशी साचलेल्या पाण्यात ऑक्टोपस आणि समुद्रफुले दिसतात. मऊ पोटाचा साधू खेकडा वाढला, की जुना शंख सोडून मोठा शोधतो. शिरण्यापूर्वी तो नांग्यांनी चाचपून बघतो, घर भाड्याने घेणाऱ्याने नळ सोडून बघावा तसा. नियम दोनच : उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा आणि घरी काही न्यायचे नाही, नोंदीशिवाय.

वेळासला जाणाऱ्यांनी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात जावे, एका सकाळीपुरते जाऊ नये, दिवे पेटवू नयेत आणि मुलांच्या हाती मोबाइलऐवजी वही-पेन्सिल द्यावी. पिल्ले निघाली तर संख्या लिहू द्यावी. नाही निघाली तर शून्य.

पाण्यात शिरलेली ती एकतीस पिल्ले पुढची कितीतरी वर्षे कुठे राहतात, काय खातात, हे जगात अजून कुणाला नीट ठाऊक नाही. हजारात एखादेच मोठे होते, असा अंदाज सांगतात. नोंदवहीतले ते रकाने कोरे आहेत. ते भरणारे पोर समुद्रकाठीच जन्मले पाहिजे, असा काही नियम नाही.