खासगी कागद कीं सरकारी दप्तर?

अधिकारपदावर असतांना मनुष्य जीं पत्रें लिहितो, तीं त्याच्या मालकीचीं कीं त्याच्या पदाच्या मालकीचीं, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलांच्या वादाचा वाटेल. परंतु ज्यांनीं एकत्र कुटुंबाची वाटणी जवळून पाहिली आहे, त्यांस त्याचें मर्म सांगावें लागणार नाहीं. कर्त्या पुरुषाच्या हातची कीर्द-खतावणी समाईक; त्याला आलेलीं पत्नीचीं पत्रें सर्वस्वीं त्याचीं. पण कुटुंबाच्या कामासंबंधानें त्यानें एखाद्या वडीलधाऱ्याशीं केलेला विश्वासाचा पत्रव्यवहार कोणत्या पेटींत ठेवावयाचा? ऑस्ट्रेलियांत नेमका हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

त्या देशाच्या इतिहासाचीं साधनें दोन प्रकारचीं आहेत. इंग्रजांनीं १७८८ मध्यें सिडनी येथें कैद्यांची वसाहत स्थापिली. गव्हर्नरांचे खलिते, कैद्यांच्या नोंदवह्या वगैरे सरकारी दप्तर तेव्हांपासून सांचत आलें. खासगी संग्रहांत मिचेल ग्रंथालयाचें नांव प्रथम घ्यावें लागेल. डेव्हिड स्कॉट मिचेल नांवाच्या गृहस्थानें जन्मभर ग्रंथ व हस्तलिखितें जमविलीं. तो १९०७ मध्यें निवर्तला आणि त्याच्या दानांतून १९१० मध्यें सिडनींत हें ग्रंथालय उघडलें. सर जोसेफ बँक्स याचे पुष्कळ कागद आज तेथेंच आहेत. त्यांतले कित्येक न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें १८८४ मध्यें विकत घेतले होते. बँक्स हा वसाहतीचा अधिकारी नव्हता, तरी तेथील गव्हर्नर त्याच्याशीं पत्रव्यवहार ठेवीत. तात्पर्य, खासगी कागदांतही राज्यकारभार दडलेला असतो.

आतां त्या वादाकडे वळूं. १९७५ सालीं गॉफ व्हिटलम हे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होते. सेनेटमधील विरोधकांनीं खर्चाची मंजुरी अडवून धरली आणि पेंच सुटेना. तेव्हां ११ नोव्हेंबर रोजीं गव्हर्नर-जनरल सर जॉन कर यांनीं त्यांस बडतर्फ करून विरोधी पक्षाचे नेते माल्कम फ्रेझर यांस काळजीवाहू पंतप्रधान नेमिलें. कनिष्ठ सभागृहांत बहुमत असलेल्या पंतप्रधानास राणीच्या प्रतिनिधीनें दूर करावें, हें अघटितच होतें. राणीस हें आधीं ठाऊक होतें काय? याचें उत्तर कर आणि राजवाडा यांच्यामधील पत्रव्यवहारांत होतें. राजवाड्याकडून तो मुख्यतः राणीचे खासगी चिटणीस सर मार्टिन चार्टेरिस यांनीं चालविला होता.

दोनशेंहून अधिक असलेलीं हीं पत्रें १९७८ मध्यें राष्ट्रीय दप्तरखान्यांत ठेवण्यांत आलीं. कर पदावरून उतरल्यापासून ६० वर्षें तीं कोणीं पाहूं नयेत, अशी अट होती. १९९१ मध्यें राणीच्या सूचनेनें ती मुदत ५० वर्षांवर आली, तरी राजवाड्याच्या संमतीची आडकाठी राहिलीच. १९८३ च्या कायद्यानें सरकारी कागद सामान्यतः ३० वर्षांनीं लोकांस खुले होत. २०१० मध्यें ती मुदत क्रमाक्रमानें २० वर्षांवर आणण्याचें ठरलें. पण हा नियम सरकारी कागदांपुरता. खासगी कागदांस देणाऱ्याची अट लागू. दप्तरखान्यानें हीं पत्रें ‘खासगी’ मानलीं आणि त्या एका शब्दानें कुलूप बसलें.

व्हिटलम यांच्या चरित्रकार प्राध्यापिका जेनी हॉकिंग यांनीं २०१६ मध्यें न्यायालयाचें दार ठोठावलें. खालच्या न्यायालयांत त्या हरल्या, अपिलांतही हरल्या. अखेर २९ मे २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध एक अशा मतांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. हीं पत्रें गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयाच्या ताब्यांतलीं होतीं आणि त्या कार्यालयाच्या चिटणीसानेंच तीं आपल्या अधिकारांत दप्तरखान्यांत दिलीं होतीं; सबब तें सरकारी दप्तरच, असा त्या निकालाचा मथितार्थ.

१४ जुलै २०२० रोजीं पत्रें खुलीं झालीं. राणीस आधीं न कळवितां आपण हें पाऊल उचललें, असें कर यांनीं त्या दिवशींच लिहिलें होतें. मात्र बडतर्फीच्या अधिकाराविषयीं राजवाड्याशीं त्यांची चर्चा आधींपासून चालली होती, हेंही त्याच पत्रांतून दिसतें. दोन्ही पक्षांस आपापलें प्रमाण सांपडलें. वाद मिटला नाहीं. पण तर्काच्या जागीं आतां कागद आला, हें थोडें नव्हे. खेद एवढाच कीं, व्हिटलम २०१४ मध्येंच वारले होते. ज्या पत्रांत त्यांच्या भवितव्याची चर्चा झाली, तीं त्यांस कधींच पाहावयास मिळालीं नाहींत.

वाचकांनीं यांतून घेण्याजोगा बोध असा: कागदाचें भवितव्य पुष्कळदां बासनावरील चिठ्ठी ठरविते. ज्यांच्या घरीं वडिलांच्या पेट्या आहेत, त्यांनीं कोणता कागद कोणी, केव्हां व कोणत्या नात्यानें लिहिला, एवढें सांगणारे वडीलधारे आहेत तोंवर टिपून ठेवावें. पुढील पिढीस कुलूप तोडण्यासाठीं भांडावें लागणार नाहीं.